पिशवीतली काठी

सुरगाण्याच्या जीपमध्ये ते माझ्या शेजारी बसले होते. जांभळा शर्ट, गळ्यात क्रूस, गुडघ्याला पट्टा आणि मांडीवर लांबट पिशवी. मनमाडच्या रेल्वे फिटरचा हा मुलगा बिशप झाला होता आणि या महिनाअखेर निवृत्त होणार होता.

"पाड्यावरची पोरं वाट बघतायत. त्यांच्या डोक्यावर बिशपनंच हात ठेवायचा असतो," ते म्हणाले.

घाटात जीप बंद पडली. मी लगेच परतीची गाडी शोधू लागलो.

"साहेब, लय चढ हाय. तुमीबी माघारी जा," ड्रायव्हर म्हणाला.

त्यांनी पिशवीतून आपल्या मानाच्या काठीचे तुकडे काढले आणि आटे फिरवून जोडले. वरची वाकडी पितळी मूठ चकाकली.

"चर्चमध्ये जन्मभर नुसती मिरवली," चढाला लागत ते म्हणाले, "आज टेकून बघतो."