आतोबांची घंटी

माझी आत्या चाळीस वर्षं पंपांच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग करते आहे आणि तेवढीच वर्षं कुणाचं ऐकत नाही. पुढे दुकान, मागे घर. मागच्या खोलीत आतोबा. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांची वाचा गेली, एका हाताची बोटं तेवढी हलतात. त्यांच्यासाठी आत्याने विकतचा एक बोर्ड आणून स्वतःच जुळणी केली: पलंगाशी बटण, दुकानात घंटी.

घंटी भयंकर कर्कश होती. "डोकं उठतं माझं," म्हणत आत्याने सोमवारी तिचा सूर बदलायला घेतला आणि बोर्डावरची चिप पार पुसून टाकली, बूटलोडरसकट. बूटलोडर म्हणजे चिपमध्ये सगळ्यात आधी जागा होऊन बाकीच्या प्रोग्रॅमला आत घेणारा तो छोटा प्रोग्रॅम. बोर्ड आणला तेव्हा तो आयता होता, म्हणून आत्याबाईंना त्याची किंमत नव्हती. मंगळवारी आतोबा मुकं बटण दाबून दाबून थकले, एकटेच उठायला गेले आणि पडले.

बुधवारी मी रजा टाकून पोचले.

"हाड मोडलं नाही एवढंच. चूक माझी," आत्या म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं आणि घाबरलेच.

लॅपटॉपचं चिपशी बोलणं करून देणारा यूएसबी-सिरियल ॲडॉप्टर ती बोर्डाला जोडून बसली होती. बोर्डाच्या पिनांवरची इवलीशी टोपी, म्हणजे जंपर, सरकवायचा, रिसेट दाबायचं, लॅपटॉपवरून बूटलोडर चढवायचा. दर वेळी एकच रडगाणं: चिप उत्तर देत नाही. मी वाकून पाहिलं. तारा जोडलेल्या टीएक्सला टीएक्स, आरएक्सला आरएक्स!

"आत्या, उलट जोड. टीएक्स बोलतो, आरएक्स ऐकतो."

"लालला लाल, काळीला काळी. माझी एक मोटार कधी परत आली नाही. तू बँकेत शिक्के मार."

"मोटारींना गप्पा मारायच्या नसतात गं! इथे दोघंही बोलतायत. ऐकतंय कोण?"

आत्याने मागच्या खोलीकडे पाहिलं आणि तारा उलट जोडल्या.

बूटलोडर पहिल्याच फटक्यात चढला. जंपर जागेवर आला. मग तिने घंटीचा प्रोग्रॅम टाकला, जुन्याच सुराचा.

"सूर नाही बदलायचा?"

"खड्ड्यात गेला सूर."

बटण जोडून ती दुकानात येते तोच घंटी खणाणली. आत्या धावली. "अहो, काय हवंय?" आतोबांनी मान हलवली, काही नको. ती परतते तोच पुन्हा. काही नको.

संध्याकाळपर्यंत त्यांनी तीसेक वेळा वाजवली. दर वेळी आत्या त्यांच्या नावाने बोटं मोडत उठली, आणि एकदाही चालत गेली नाही.