पिठलं गार होईपर्यंत

आमच्या घरी गरम पिठलं कुणी खाल्लंय, असं मला तरी आठवत नाही. जेवणाआधीची प्रार्थना घरातल्या मोठ्या माणसानं करायची, हा आमच्या ख्रिस्ती घरचा रिवाज, आणि आमच्याकडचं मोठं माणूस म्हणजे बाबा. एकदा डोळे मिटून देवाशी बोलायला लागले, की थांबायचं नाव घेत नसत. जानेफळातली सगळी दुखणीखुपणी, मागच्या गल्लीतल्या पोरीचं न जमणारं लग्न, मेहकरच्या एसटीचा नवा ड्रायव्हर, शेजारच्या काकूंची गाभण शेळी. देवाला ते ‘बापा’ म्हणत आणि ओट्यावर शेजारी बसल्यासारखं बोलत. आमच्या पोटात कावळे ओरडायला लागले, की डोक्यावरचा पदर सावरत आई कुजबुजायची, "आटपा आता. त्याले बाकीचीबी कामं आहेत."

"तो कधी कटाळला नाही. तूच कटाळते," आमेन म्हणून झाल्यावर बाबा म्हणायचे.

आईची खरी तक्रार वेगळीच होती. "शेळी येते तुमच्या प्रार्थनेत. मी कधी येत नाही."

"तुह्यं मी त्याच्याशी एकट्यात बोलतो."

यावर ती तोंड वाकडं करायची, पण त्या दिवशी बाबांच्या भाकरीवर तूप जरा जास्त पडायचं.

गेल्या वर्षी बाबांना लकवा मारला. चालणं हळूहळू परत आलं, बोलणं आलं नाही. ‘हाव’, म्हणजे हो, एवढा एकच शब्द जिभेवर राहिला. समजत मात्र सगळं होतं. मी खामगावहून त्यांच्याजवळ राहायला आले. जेवायला बसलं की ते मला खूण करत, तू कर प्रार्थना. मी करायची, नीटनेटकी आणि लवकर संपणारी. बाबा उघड्या डोळ्यांनी ताटाकडे बघत बसायचे. चर्चचे पाळकसाहेब येऊन सांगून गेले, देव मुक्या मनाचंही ऐकतो. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. शब्द गेले म्हणजे देवाकडे जायची वाटच बंद झाली, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. न बोलणारे बाबा मी सोसले असते. देवावाचून एकटे पडलेले बाबा मला बघवत नव्हते.

एका संध्याकाळी मी हात जोडले, तर आई म्हणाली, "थांब. घरचा मोठा माणूस बसला आहे न." मग बाबांकडे वळली. "काहो, आज बोलले का त्याच्याशी?"

बाबांनी मान हलवली. नाही.

"काऊन? मी रुसून बसली तं तुमाले न सांगता समजते. मंग त्याले तुमचं समजत नसन?"

बाबा ओशाळल्यासारखे हसले. कितीतरी दिवसांनी हसले. आईनं पदर डोक्यावर घेतला. "मिटा डोळे," म्हणाली, आणि बाजारातून काय काय आणलं हे विचारावं तशी विचारत गेली.

"त्या पोरीचं सांगतलं?"

बाबांनी डोळे मिटले. "हाव."

"डायवरचं?"

"हाव."

"शेळीचं?"

"हाव, हाव."

शेळी कधीच व्याली होती, पिल्लं आमच्या अंगणात नाचत होती. मला हसूही आवरेना आणि रडूही.

मग आईचा आवाज एकदम उतरला. "आन् माह्यं?"

डोळे मिटलेलेच ठेवून बाबांनी चांगला हात चाचपत पुढे केला आणि तिच्या डोक्यावर, पदरावर ठेवला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. पिठल्यावर पापुद्रा धरला, भाकरी वातड झाली. आटपा, असं आई एकदाही म्हणाली नाही.

बऱ्याच वेळानं बाबा म्हणाले, "हाव."

"आमेन," आई म्हणाली, आणि तिनं बाबांच्या ताटात गार पिठलं वाढलं.