शनिवारची आमटी

वहिनी गेल्या त्याच्या आदल्या संध्याकाळी मी इस्पितळात त्यांच्यासाठी आमटी घेऊन गेलो होतो, आमच्याच गाळ्यात तयार झालेल्या नव्या स्टीलच्या डब्यातून. पिशवीतून डबा काढला, तर पिवळा ओघळ थेट चादरीवर. वहिनींनी झाकण हातात घेतलं, आतल्या रबराच्या रिंगवरून बोट फिरवलं आणि क्षीण आवाजात विचारलं, "भाऊजी, शनिवारची आमटी बंद केलीत का?" मी म्हणालो, "नाही हो, झाकण माझ्याकडूनच नीट लागलं नसेल..." सकाळी फोन आला. त्यांच्याशी माझं शेवटचं बोलणं म्हणजे ही थाप. महिना उलटला, तरी आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

दादा गेला तेव्हा भाईंदरच्या त्या गाळ्यात आम्ही दुसऱ्यांच्या भांड्यांना पॉलिश करून द्यायचो. काम आटत चाललं होतं, मी गाळा विकायला निघालो होतो. वहिनींनी मात्र सगळ्यांना गोल बसवलं आणि सांगितलं, आता आपला स्वतःचा डबा काढायचा, न सांडणारा. पॉलिशवाला रामशंकर हसला, "भाभीजी, अपना डिब्बा कौन लेगा?" "पहले हम ही लेंगे," वहिनी म्हणाल्या. तेव्हापासून दर शनिवारी गाळ्यात पातेलंभर आमटी शिजू लागली. आठवड्याच्या मालातला एकेक डबा भरून ज्यानं त्यानं शेअर रिक्षातून, धक्के खात घरी न्यायचा. सोमवारी वहिनी विचारायच्या, "किसका गिरा?" एकाचा जरी हात वर झाला, तरी सगळा माल पुन्हा दुरुस्तीला. माणसं कुरकुरायची, वहिनींच्या साड्यांवर तर कायम हळदीचे डाग. पण पुढे हाच रामशंकर शांती नगरच्या दुकानदारांना छातीठोकपणे सांगू लागला, "उल्टा करके देखो!" गाळ्यातला प्रत्येक जण त्या डब्याला "अपना" म्हणायचा. मी मात्र "वहिनींचं खूळ" म्हणायचो.

त्या आजारी पडल्या, दिवाळीच्या ऑर्डरी आल्या आणि मी आमटी बंद केली. रामशंकर म्हणाला होता, "एक बार भाभीजी से पूछ लो." मी विचारलं नाही, कारण उत्तर मला ठाऊक होतं.

तेरावं झाल्यावरच्या शनिवारी मीच पातेलं चढवलं. आमटी खारट झाली, तरी प्रत्येकानं आपापला डबा भरून नेला. मीरा रोडला रिक्षातून उतरलो तेव्हा माझी विजार पिवळी झाली होती. सोमवारी सगळे गोल बसले. वहिनींची जागा रिकामीच होती. शेवटी रामशंकरनंच हळूच विचारलं, "किसका गिरा?"

मी हात वर केला. "मेरा," मी म्हणालो, "...और वहिनी का भी."