शेवंतीचं भात उभं, माझं आडवं

सगळ्यांत आधी कोण आलं असेल? शेवंती! माझ्या नातीचं बारसं, आमच्या अंधेरीच्या घरी, पाळण्याला अजून फुलं बांधून व्हायची होती, आणि ही गोराईहून तांदळाची पिशवी काखेत मारून दारात हजर. शेवंती म्हणजे माझी धाकटी जाऊ. बाळाची कुंची जरा सारखी केली न केली आणि म्हणते कशी, "जाऊबाई, दसऱ्यानंतरच्या शनिवारी माझं भात बघायला परदेशातून माणसं येणार आहेत."

झालं! बारसं राहिलं बाजूला. सगळ्या बायका पाळणा सोडून तिच्याभोवती. बी मिठाच्या पाण्यात कसं टाकायचं, तरंगेल ते पोचट म्हणून काढायचं, बुडेल तेवढंच पेरायचं, हिचं आपलं सुरू. मी पेढ्यांचं ताट धरून उभी, कोण बघतंय! एवढी गोड माझी नात, नाक तर अगदी माझं घेतलंय, पण तिचं नाव काय ठेवलं ते दोघींनी मला जिन्यात परत विचारलं.

बरं, एवढ्यावर थांबेल ती शेवंती कसली. चपला घालता घालता हळूच म्हणाली, "तुमचा तुकडा पुढच्या सालापासून मलाच द्या ना कसायला. नुसता वाया जातोय."

आमची दोघींची शेतं शेजारी शेजारी, मध्ये एकच बांध. ह्यांच्या माघारी माझं म्हणून गोराईला उरलंय ते तेवढंच. मी म्हटलं, "आधी येऊन बघते, मग बोलू." असं ठरलं माझं जाणं. शेजारच्या नलूताई म्हणाल्या, मीही येते, आणि नंतर आमच्या महिला मंडळाच्या हस्तलिखितात लिहा म्हणून त्याच मागे लागल्या. मी दुसरीपर्यंत शिकलेली, पण बोलते तसं लिहिते, चालवून घ्या.

कोणाला जायचं असेल तर ऐका. अंधेरीहून बोरिवली, स्टेशनाबाहेरून गोराई खाडीची बस, मग होडी. भाडं काही फार नाही, पण भरती-ओहोटी आधी विचारून निघा. आम्ही निघालो ती नेमकी ओहोटी. होडी लांब थांबली आणि फळीवरून चालत जाताना नलूताईंची एक चप्पल चिखलात गेली ती गेलीच. मी म्हटलं, "दुसरीपण टाका, एक घेऊन काय करणार?" तर रागावल्या. पलीकडे टांगे उभे असतात. दोन्ही बाजूंना तिवरांची झाडी, वाऱ्याला सुक्या मासळीचा वास, मला तर लग्न होऊन आले तो दिवस आठवला. नलूताईंनी पदर नाकाला लावला होता.

आता एक गोष्ट आधी सांगायला हवी. लावणीच्या वेळी, आषाढात, मी जाऊन आले होते. तेव्हा शेवंती चिखलात दोरी ताणून बसलेली. दोरीला वीत वीत अंतरावर चिंध्या बांधलेल्या, आणि प्रत्येक चिंधीपाशी रोपाच्या दोन-तीनच काड्या. मी पोट धरून हसले. आमच्या सासूबाई मूठभर रोप एका जागी खुपसायच्या, म्हणायच्या, शेत भरलेलं दिसलं पाहिजे. मी माझ्या गड्याला सांगितलं, "तिने दोन लावल्या तर तू मूठभर लाव. आणि युरिया तिच्या दुप्पट टाक, सगळा एकदम." गणपतीत निरोप आला की तुमचं भात तिच्यापेक्षा उंच झालंय. मी चाळीत साखर वाटली.

टांग्यातून उतरलो आणि बांधावर गेलो. शेवंतीचं भात कमरेएवढं, सरळ रेषेत, लोंब्या वजनाने अशा वाकलेल्या जशा सुना पाया पडायला. सोनं हो नुसतं! आणि बांधाच्या अलीकडे माझं.

नलूताई म्हणाल्या, "अहो, इथे गाढवं लोळून गेली का?"

सगळं आडवं. जमिनीला चिकटलेलं, खाली पाणी, काही लोंब्यांना तर जाग्यावरच मोड आलेले. शेवंती पैठणी नेसून बांधावर उभी. पैठणी हो, शेतात! म्हणाली, "जाऊबाई, तुमचं भात दमलं वाटतं. झोपलंय."

मला वाटलं, तिथेच तिला चिखलात बसवावं. पण तेवढ्यात जीप आली. शेतकी खात्याचे साहेब आणि बरोबर दोन पाहुणे. एक फिलिपाइन्सची बाई, ठेंगणी, हसरी, आणि एक आफ्रिकेतला उंच पुरुष. त्याच्या गावीही भातच पिकतं हे मला त्या दिवशी कळलं. दोघं वर्षभर इथे शिकायला आलेली.

शेवंतीने पाहुण्यांना तबक घेऊन ओवाळलं, दोरी दाखवली, खत तीन वेळा थोडं थोडं कसं दिलं ते सांगितलं. पाहुण्यांनी माना डोलावल्या. मी तोंड फिरवून उभी, म्हटलं आता ही फोटो काढून घेणार आणि माझा तुकडा गेला. आणि काय सांगू, तो उंच पाहुणा बांध ओलांडून सरळ माझ्या शेतात! उकिडवा बसला, एक अख्खा जुडगा उपटला, काड्या मोजायला लागला.

"हे कोणाचं शेत?" साहेबांनी विचारलं.

शेवंती लगेच, "ते सोडा साहेब, ते आमच्या जाऊबाईंचं. इकडे या ना."

मी पुढे झाले. "माझं आहे. काय म्हणणं आहे त्यांचं?"

"विचारतायत, एका जागी किती काड्या लावल्या?"

"मुठीत मावतील तेवढ्या."

साहेबांनी सांगितलं तसा तो माणूस मोठ्याने हसला, आणि बाईसुद्धा. साहेब म्हणाले, "आजी, ते म्हणतात त्यांची आई अगदी असंच लावते. त्यांनाही असंच उत्तर देते."

मग जो तो माझ्याच शेतात. साहेबांनी समजावलं, दाटीत रोपं उजेडासाठी नुसती उंच धावतात, काडी राहते नाजूक, त्यात युरिया एकदम मिळाला की आणखी वाढतात आणि वाऱ्याला लोळतात. पाहुणा म्हणाला, "आम्हाला सगळीकडे चांगलीच शेतं दाखवतात. गावी जाऊन सांगितलं की लोक म्हणतात, ते सरकारी शेत असेल. आज एकाच बांधाच्या दोन बाजू बघितल्या." आणि फोटो काढला तो माझा! आडव्या भातात, साध्या लुगड्यात. शेवंती पैठणीचा पदर सावरत मागे, फोटोत अर्धीच आली असेल.

तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. जेवणाच्या वेळी तांदळाची भाकरी आणि सोड्यांचं कालवण तिने एवढं छान केलेलं, पण वाढताना भांडी आपटत होती. "चांगलं पिकवलं मी, आणि कौतुक कोणाचं!"

फिलिपाइन्सच्या बाईने जाता जाता मला सुचवलं, पुढच्या लावणीला अर्ध्या शेतात जुनी मूठ, अर्ध्यात दोरी, म्हणजे एकाच मालकिणीच्या शेतात फरक दिसेल. आम्ही बघायला येऊ. मी साहेबांच्या देखत म्हणाले, "मग तुकडा कोणाला द्यायचा प्रश्नच नाही."

होडीपर्यंत शेवंती पोचवायला आली. मग मीच म्हटलं, "शेवंते, दोरी ताणायला दोन माणसं लागतात गं."

"एक टोक धरीन मी," ती म्हणाली. "पण तुमच्या काड्या वाकड्या लागल्या तर हसणार. तुम्ही माझ्यावर हसलात त्याच्या दुप्पट."

घरी येऊन आठ दिवस झाले. यंदा माझ्या शेतात पेजेपुरतंसुद्धा निघालं नाही, ते दुखतंच. तिच्या पिशवीतले तांदूळ रोज शिजतात आणि लागतात चांगले, तेही दुखतं. नातीला मांडीवर घेऊन सांगते, बाई गं, तुझ्या आजीचा फोटो समुद्रापलीकडे जाणार. ती हसते. तिला कळतं सगळं.

पाहुणे येणार आषाढातल्या पहिल्या रविवारी. मी शुक्रवारीच जाऊन बसणार आहे, नाहीतर होडीतून उतरल्या उतरल्या शेवंती त्यांना आपल्या बांधावर नेईल.