सहीसाठी सोडलेली जागा

कॉलेजच्या ऑफिसात मला बोलताना फार कोणी ऐकलेलं नाही. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. चारचौघांत मराठी बोलायचं तर मी वाक्य आधी मनात जुळवून बघते, आणि ते जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. सर्व्हर सांभाळणारीला फार बोलावंही लागत नाही.

मुलांचे अंतर्गत गुण त्या सर्व्हरवर भरले जायचे. सगळ्या ऑफिसला मिळून एकच नाव, एकच पासवर्ड, तोही कॅलेंडरच्या मागे पेनाने लिहिलेला. एका मुलाचे गुण कोणीतरी वाढवले आणि मेमो मिळाला कंत्राटी क्लार्क ताईंना. कारण एवढंच, की गुण ज्यावरून बदलले ते कॉम्प्युटर त्यांच्या टेबलावर होतं. महिनाअखेर त्यांचं कंत्राट संपणार होतं, आणि मेमो असला की ते वाढत नाही.

ताई सिन्नरहून रोज जीपने येतात. डबा खाताना म्हणाल्या, "मी तेव्हा चौकशीच्या खिडकीत होते गं. लय वेळा सांगितलं. पण ऐकतंय कोण?"

मी मान खाली घालून पोळी खात राहिले. त्याचा स्वतःवरचा राग अजून जात नाही.

घरी जुन्या कॉम्प्युटरवर मी सर्व्हरला जोडायचं एक मॉड्यूल बसवून पाहिलं. ते प्रत्येकाचं नाव आणि पासवर्ड डेटाबेसमधून तपासतं. मग कोणी काय बदललं ते त्याच्या नावासकट नोंदलं जातं. काढूनही पाहिलं. पहिल्यांदा काढताना आधी मॉड्यूलच उडवलं, सेटिंगमध्ये त्याच्या ओळी तशाच राहिल्या आणि सर्व्हर सुरूच होईना. म्हणजे आधी ओळी काढायच्या, मग मॉड्यूल. हात बसेपर्यंत बसवलं आणि काढलं. मग परवानगीचा कागद आमच्या अधीक्षक साहेबांपुढे ठेवला. त्यांनी न वाचता सही केली.

मॉड्यूल ऑफिसच्या सर्व्हरवर बसलं आणि सगळ्यांना आपापले पासवर्ड मिळाले. साहेबांनी आपला चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवला. टाइप करायचा त्यांना कंटाळा. जो काम घेऊन येईल त्यानेच तो टाकून साहेबांच्या नावाने आत शिरायचं.

आठवड्याभरात साहेब वणीला देवीच्या दर्शनाला गेले आणि त्याच दिवशी पुन्हा एका मुलाचे गुण बदलले. साहेबांच्या नावाने.

"काय मॅडम, हे काय लावून ठेवलंय?" दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांसमोर ओरडले. "मी गडावर होतो! माझ्या नावाने कोण घुसलं?"

"हेच ताई सांगत होत्या," मी म्हणाले.

वाक्य मनात जुळवलं नव्हतं. ऑफिसात कोणीतरी खोकलं. ताईंनी हातातली फाईल टेबलावर ठेवली.

"जास्त शहाणपणा नको. आत्ताच्या आत्ता काढ ते. पहिलं होतं तेच बरं होतं."

"काढते. पंधरा मिनिटांचं काम आहे."

सर्व्हरवर काही बसवलं किंवा काढलं की रजिस्टरात कारण लिहायचं आणि काढायला सांगणाऱ्याने खाली सही करायची, हा नियम साहेबांनीच केलेला. मी रजिस्टर उघडलं.

"जमेल ना मराठीत लिहायला? का इंग्लिशमध्येच?" साहेब हसले. "लिही, तांत्रिक बिघाड."

मी लिहिलं: 'साहेब रजेवर असताना त्यांच्या नावाने गुण बदलले गेले. कोणी बदलले ते कळत नाही. म्हणून साहेबांच्या सांगण्यावरून मॉड्यूल काढत आहे.' खाली माझी सही केली, शेजारी त्यांच्यासाठी जागा सोडली आणि रजिस्टर त्यांच्याकडे वळवलं.

"बिघाड नाही झालेला," मी म्हणाले. "मी तसं लिहिणार नाही. आणि ताईंचा मेमो जर बरोबर असेल, तर तुम्हालाही एक मिळायला पाहिजे."

साहेबांनी ते दोनदा वाचलं. पेन खिशात घातलं. "बघतो मी," म्हणाले आणि केबिनमध्ये गेले. थोड्या वेळाने स्क्रीनवरची चिठ्ठीही दिसेनाशी झाली.

ताईंचा मेमो दोन दिवसांनी मागे घेतला गेला. त्यांचं कंत्राट वाढलं. त्यांनी स्वतःचा नवा पासवर्ड घातला. मला सांगितला नाही, मी विचारलाही नाही.

रजिस्टरातलं ते पान तसंच आहे, साहेबांच्या सहीची जागा रिकामी. आधी ओळी, मग मॉड्यूल, क्रम मला पाठ आहे. सही झाली की काढेन.