घारीचं कडवं

ग्रेसी, फोन कानाशी धर आणि नीट ऐक. बोरिवलीत जाऊन बसलीस म्हणून माझ्या हातून कान सुटला तुझा. फोनवर लेकीचं गाणं पाठवलंस, झकास गायली पोर; पण खाली लिहिलंस काय? ‘जुनं पारंपरिक बालगीत’! अगं, आपल्या कांजूरच्या पत्र्याच्या चर्चमध्ये तुझ्यादेखत झालं ते. पेटीबाईंना विसरलीस?

पायपेटी वाजवायच्या बाई. उजवा हात सुरांवर आणि डावा शेजारच्या मुलाच्या पाठीवर. ठेका धरायचा तो पाठीवरच. त्या जागेसाठी तुमची काय भांडणं! मी सतरंज्या अंथरायचे ना, मलाच सोडवावी लागायची.

गाण्याचं धृपद आणि पहिलं कडवं तेवढं बाईंनी केलं. पुढचं दर नाताळाला मुलांनी जोडायचं. आम्ही म्हणायचो, बाई, तुम्हीच पुरं करून टाका की. त्या म्हणायच्या, “गाणं मुलांचं. मी एकटी कशी लिहू?” मग प्रत्येकाला विचारायच्या, आज येताना काय पाहिलंस? कुणी खाडीतला खेकडा सांगायचं, कुणी चहावाली आजी. तू म्हणालीस, घार. कचऱ्याच्या डम्पिंगवरची. बाईंनी तिथल्या तिथे तुझ्याकडूनच ओळी जुळवून घेतल्या:

घारी, घारी, वर फिरतेस,
कचऱ्यामधलं वेचून खातेस,
तुला जो देतो रोजचा घास
तोच बसतो माझ्या पास.

मग उपनगरातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचं गीतपुस्तक निघायचं ठरलं आणि आपलं गाणं निवडलं गेलं. आम्ही बायका नुसत्या मिरवत होतो. रविवारी समितीचे एक साहेब कच्चा कागद घेऊन आले. मुलांच्या प्रार्थनेत कचरा बरा दिसत नाही, म्हणाले. घारीच्या जागी मोर घालू. तू सतरंजीवरच होतीस. शाळेत तुला ‘डम्पिंगवाली’ चिडवायचे, आणि आता देवाच्या घरातही तेच. मान अशी खाली घातलीस की मला तुझी वेणीच दिसत होती.

बाईंनी पेटीवरचे पाय उचलले. “साहेब, येशूने आकाशातली पाखरं बघायला सांगितली. आमच्या आकाशात घारीच आहेत. मोर नाही येत इकडे.” आणि हळूच म्हणाल्या, घार नको असेल तर गाणंही राहू दे. मी मागून बाईंचा पदर ओढत होते, आलेली संधी घालवताय म्हणून. लक्षच नाही. “आधी ऐका, मग खोडा,” म्हणाल्या, आणि तुला शेजारी ओढून पाठीवर ठेका धरला.

काय गायलीस गं तू त्या दिवशी! साहेबांनी विचारलं, हे कुणी केलं? तू हात वर केलास. त्यांनी पेनाला टोपण लावलं. कवी म्हणून नाव काय घालू, म्हणाले. बाई म्हणाल्या, “कांजूरची मुलं.” पुस्तकात तसंच छापलंय, उघडून बघ. आज मुलुंडपासून मढपर्यंत पोरं ती घार गातात, आणि माझी छाती फुगते.

आता बाई अंथरुणाला खिळल्यात. आवाज गेलाय, पण डावा हात चादरीवर ठेका धरतो. मी पाठ पुढे केली तर हळूच ढकलतात. तुझ्या लेकीचं गाणं लावलं, तर घारीच्या कडव्याला हात थांबला. मी कान जवळ नेला, तर पुटपुटल्या, “ही कुणाची?” तुझी म्हटलं, तर दाराकडेच बघत राहिल्या.

तेव्हा ते ‘पारंपरिक’ आधी पूस. आणि या रविवारीच लेकीला घेऊन ये. बाईंच्या डाव्या हाताची जागा मी धरून ठेवते.