गोराईच्या वाडीतले तीनशे वॅट

तुमच्याही लक्षात आले असेल. जुन्या मोबाईलवर वीस टक्के चार्ज दिसत असतो, आपण निर्धास्तपणे फ्लॅश लावून फोटो काढायला जातो आणि फोन जागच्या जागी बंद पडतो. थोड्या वेळाने सुरू केला, तर पुन्हा सतरा-अठरा टक्के! ते टक्के गेले कुठे आणि परत आले कुठून? मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि हा प्रश्न वर्गात दरवर्षी मोठ्या हौसेने विचारते. यंदा त्याचे उत्तर मला गोराईला मिळाले.

माझे बाबा मूळचे मालवणकडचे. गिरणीतल्या कापसाच्या धुळीने त्यांची फुफ्फुसे खाल्ली होती. डॉक्टरांनी गावचा लांबचा प्रवास बंद केला होता आणि ऑक्सिजनचे यंत्र सतत लावून ठेवायला सांगितले होते. बाबांचे मागणे एकच होते : "माका एकदा समुद्र दाखव गो. मगे खयच नेव नको." म्हणून मी आणि माझा नवरा नितीन यांनी झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली एक कॅम्पर व्हॅन चार दिवसांसाठी भाड्याने घेतली.

आमच्यासारखे मुलुंडहून जाणाऱ्यांसाठी सूचना : बोरिवलीच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटीत अशी गाडी चढत नाही. लिंक रोडने गोरेगाव, तिथून द्रुतगती मार्गाने दहिसर, मग भाईंदर आणि उत्तनवरून खाली गोराई, असा वळसा घ्यावा लागतो. उत्तननंतर रस्ता अरुंद आहे. सकाळी लवकर निघा. गोराईत पर्यटकांना जागा देणाऱ्या फिलोमावशींच्या वाडीत आम्ही गाडी लावली. जागा आणि दोन वेळचे जेवण मिळून दर हॉटेलपेक्षा पुष्कळ कमी होता आणि त्यांच्या बोंबलाच्या कालवणाला तोड नव्हती.

आता विजेचा हिशेब. व्हॅनमध्ये दोन मोठ्या बॅटऱ्या, टपावर सौर पत्रे, म्हणजे सोलर पॅनल. बाबांच्या यंत्राला तीनशे वॅट लागत; पंखा वीस, दिवे दहा, छोटा फ्रीज पन्नास. म्हणजे यंत्र एकटेच बाकी सगळ्यांच्या कितीतरी पट खात होते. मावशींच्या घरातून तार ओढली होती, पण गावाच्या टोकाला विजेचा दाब इतका कमी, की आमचा चार्जर सारखा बंद पडे. मी नियम घातला : यंत्राला हात लावायचा नाही; काटकसर इतरांनी करायची. फ्रीज बंद केला, रात्री एकच पंखा, तोही बाबांकडे. अडीअडचणीला ऑक्सिजनचा एक छोटा सिलिंडर होता.

मावशी येताजाता ओरडत, "अगं, सावलीत घे ना गाडी! बाप भाजून निघेल." पण माडाच्या झावळीच्या सावलीची एक पट्टी पत्र्यावर पडली, तरी वीज जवळजवळ निम्म्यावर येई. गाडी उन्हातच ठेवली.

दुसऱ्या दिवशी ढग आले. सकाळी यंत्राची जाळी पुसेपर्यंत बाबांना सिलिंडरवर ठेवले होते, तेव्हा मीटर बॅटरी भरल्याचे दाखवत होता. यंत्र पुन्हा सुरू होताच काटा धाडकन खाली आला आणि गजर वाजला. मी बाबांना समजावू लागले. बॅटरीच्या पोटातच एक अडथळा असतो. ती नुसती बसून असते तेव्हा प्रवाह नसतो, म्हणून अडथळा जाणवत नाही आणि आकडा चांगला दिसतो. भार टाकला, की बराचसा दाब आतच खर्ची पडतो. तोच खरा आकडा.

"म्हणजे बसान बघलां तर सगळा बरा दिसता," बाबा म्हणाले.

"अगदी बरोबर!"

"यार, त्यांना तरी सोड," नितीन हसला. "परीक्षा घेणारेस का माझ्या सासऱ्यांची?"

"घेवंदे रे. पास होतलंय मी."

तिसऱ्या दिवशी मी हरखून गेले. आभाळ ढगाळ, आम्ही दोघे सकाळभर बाजारात, आणि परतल्यावर बॅटरी माझ्या गणितापेक्षा कितीतरी भरलेली! पत्र्यांचे कौतुक करत मी नितीनला आकडेमोड दाखवली. बाबांच्या नाकात नळी होती, यंत्र गुरगुरत होते, बोटावरचा ऑक्सिमीटर ब्याण्णव दाखवत होता. "बरां आसा माका," ते म्हणाले.

चौथ्या दिवशीही आम्ही मासे आणायला गेलो. परतलो तेव्हा बाबा निघायच्या तयारीत उभे होते. वाडीतून समुद्र दिसत नव्हता; पाण्यापर्यंत जाणे आम्ही निघण्यापूर्वीच्या वेळेसाठी राखले होते. सिलिंडर मी खांद्याला लावला आणि नळी जोडेपर्यंत ते चालू लागले. सुरूच्या झाडांपाशी थांबले. ओठ निळे पडले होते. समुद्र समोर होता. तो त्यांनी पाहिला की नाही, मला सांगता येत नाही.

भाईंदरच्या रुग्णालयाबाहेर मावशी माझ्याशेजारी बसून होत्या. "तुम्ही बाजारात गेलात ना, की तुझे बाबा मशीन बंद करायचे," त्या हळूच म्हणाल्या. "फाटक वाजलं की परत चालू. मला वाटलं, मध्येमध्ये बंद ठेवायचं असेल. मी विचारलं, तर बोटाचा आकडा दाखवून म्हणाले, बघा, बसून चांगला आहे. पोरगी रात्री पंख्याशिवाय तळमळते, तिच्यासाठी वीज उरू दे."

कुणी खोलीबाहेर गेले, की मागून दिवा घालवणारा तो माणूस. माझ्या सगळ्या गणितात वीज वाचवणारे हात मी धरलेच नव्हते.

बाबा घरी आले नाहीत. मुलुंडच्या घरात आता वीज चोवीस तास आहे आणि यंत्राची जागा रिकामी आहे. गोराई सुंदर आहे; जरूर जा. पण घरात दम लागणारे वडीलधारे कुणी असेल, तर निघण्यापूर्वी एवढे करून पाहा. डॉक्टरांना विचारून घ्या आणि यंत्र लावलेले असेल, तर ते काढू नका. ऑक्सिमीटर बोटाला लावून, ते बसलेले असताना आकडा वाचा. मग दारापर्यंत जाऊन परत यायला सांगा. त्यांचा हात धरून तुम्हीही चाला, दम लागला तर तिथेच थांबा. लगेच पुन्हा आकडा वाचा.

दुसरा आकडा खरा धरा.